अठ्ठावन्न किलो

चक्की माझी, आणि पीठ मला वर्ज्य.
एकवीस दिवस झाले. भाकर नाही, भात नाही,
पोळी नुसती बघायची
दुसऱ्याच्या डब्यात, घडी घातलेली.

पहाटे पाचला तलावाच्या पाळीवर आठ चकरा,
मग शाळेमागं झाडे सरांची शिट्टी,
बैठका, घोटा सोडवायचा सराव, पुन्हा बैठका.
दुपारी एकला पहिला घास :
चार अंडी, अंबाडीची भाजी, मूठभर शेंगदाणे,
जवसाची चटणी तेलात कालवून
बोटानंच चाटायची, कारण लावायला काही नाही.
रात्री आठनंतर पाणी.

पट्टा फिरतो, दगड तापतो,
ज्वारी घरंगळत आत जाते
आणि खालून येते ती ऊब.
ताजं पीठ हाताला लागतं
वासराच्या पोटासारखं.
संध्याकाळपर्यंत भुवया पांढऱ्या,
कानात पीठ, नाकात पीठ.
सरांना विचारलं, हे धरायचं का हिशेबात?
सर हसले नाहीत. म्हणाले,
तोंड बंद ठेवून दळत जा.

बुधवारी बाया येतात उपासाचं घेऊन.
राजगिरा, भगर, शिंगाडा.
त्याआधी सगळी चक्की झाडायची,
धान्याचा कण राहता कामा नये.
"मोरेश्वर, नीट पुस बाप्पा,
मांगच्या टायमाले ज्वारी लागली दाताले."
पंचफुलाबाई वरघने.
मार्गशीर्षातले गुरुवार, एकादशी, चतुर्थी,
वरून सोमवार, कशासाठी ते तिलाही आठवत नाही.
रिकाम्या पोटी दिवसभर पऱ्हाटीत,
सांजच्याला काट्यावर बावन्न किलो कापूस.
मी तिला समजावून सांगितलं,
साबुदाणा म्हणजे नुसती साखर, मावशी,
उपास असा नसतो करायचा.
तिनं माझ्याकडं पाह्यलं,
पिठाच्या आत मी जेवढा उरलो होतो तेवढ्याकडं.
"माहा देव मानते," म्हणाली.
"तुहा काटा मानते का?"

नंदोरीला शनिवारी वजन.
रेशन दुकानातून आणलेला काटा,
लाल आकडे थरथरत थांबले :
अठ्ठावन्न, दोनशे.
बनियान काढली. अठ्ठावन्न, ऐंशी.
थुंकलो, होतं तेवढं. साठ.
मग सरांनी मला बाजूला नेलं
आणि टॉवेलनं डोकं झटकलं,
सतरंजी झटकावी तसं. पांढरा धूर उडाला.
करंगळीनं कानातलंही काढलं.
अठ्ठावन्न. पुढं शून्य, शून्य, शून्य.
पोट्टे हसले. पंचानं लिहिलं : पात्र.

वजनानंतर खायचं असतं. सरांनी केळी आणली होती.
दोन खाल्ली. पण एकवीस दिवसांची विहीर
दोन केळ्यांनी भरत नाही.

पहिल्या सात मिनिटांत चार गुण माझे.
मग एका चढाईत बोनस रेषेपलीकडं पाय टाकला
आणि पाय माझा नव्हता.
म्हणजे होता, पण पाहुण्याच्या घरी
विसरलेल्या छत्रीसारखा.
कोपऱ्यातल्या पोरानं घोटा धरला,
हलकेच, जवळजवळ विचारून.
कबड्डी कबड्डी तोंडात होती,
तिचं पीठ झालं.

नऊ गुणांनी हरलो.
दोरीबाहेर मांडी घालून बसलो तर
तोच पोरगा आला, नाव नाही विचारलं मी,
गुळाचा खडा दिला, कागदात,
मुंग्या फुंकून.

सोमवारी चक्की उघडली. पंचफुलाबाई पहिली.
"किती भरला?"
अठ्ठावन्न, मी म्हणालो.
"माहा कापूस चौपन्न भरला," ती म्हणाली,
आणि दळण काट्यावर ठेवलं.
आज उपास नाही ना मावशी?
"हाय ना. सोमवार होय.
हे तर घरच्यायले."

पीठ डोक्यावर घेऊन ती गेली, एका झटक्यात,
कंबर न वाकवता. सर म्हणतात तशी बैठक
मला एकवीस दिवसांत जमली नव्हती.

पट्टा बंद केला. मनगटावरचं पीठ चाटलं.
कच्चं. आधी काहीच नाही,
मग हळूहळू गोड.

पुढच्या हंगामात बासष्टच्या गटात उतरीन म्हणतो.
सरांना अजून सांगितलं नाही.