अंगात, नेसणीस

पहिल्या शंभर प्रती मी फुकट काढून दिल्या.
हे आधीच सांगतो, कारण पुढं जे सांगायचंय
त्यात माझ्या बाजूचं एवढंच आहे.

तासगावात, ठाण्यासमोर, माझं झेरॉक्सचं दुकान.
राजवीर बिरू एडके, वय सात,
रंग गव्हाळ, बांधा सडपातळ,
चारच्या सुमारास खेळायला म्हणून गेला तो परत आला नाही.
नेसणीस खाकी हाफ पँट, पायात काही नाही,
अंगात…
इथं हवालदाराचं पेन थांबलं होतं.
आई म्हणाली हिरवा. बाप म्हणाला निळा.
शेवटी मजकुरात ‘हिरवा किंवा निळा’ असंच आलं
आणि त्या ‘किंवा’तनं सगळा गाव आत शिरला.

लॅमिनेशनचं मशीन तापायला वेळ लागतो.
तेवढ्यात माणसं बोलतात.
जन्म दिला त्या बाईला शर्टाचा रंग ठाऊक नाही?
शेडवर हात बेदाण्यात आणि लक्ष मोबाईलमध्ये, दुसरं काय.
आणि बाप?
त्या सकाळीच बेंगळुरूची ट्रिप मारून आलेला, दिवसभर झोपला.
झोपलेल्या माणसाला निळा कसा दिसला?

कॅनॉलला चारलाच पाणी सुटलं होतं, एकजण म्हणाला.
कवठेएकंदच्या फाट्यावर पांढरी व्हॅन होती,
त्यानं नव्हती बघितली, त्याच्या साडूनं बघितली होती.
संध्याकाळपर्यंत व्हॅन राखाडी झाली
आणि मिरजेत तशा दोन निघाल्या.
उसात ठसे सापडले. रात्रभर बॅटऱ्या फिरल्या.
कुत्र्याचे होते.
‘त्या बाईच्या भावाला विचारा की आधी,’
हे अगदी हळू आवाजात, माझ्याच काउंटरवर वाकून,
उताऱ्याच्या दोन प्रती घेता घेता.

मीही बोललो.
स्टेपलर मारत म्हणालो, पोर सांभाळता येत नसेल तर…
वाक्य पुरं केलं नाही.
कुणीच पुरं करत नव्हतं. सगळ्यांना शेवट पाठ होता.

आता ते.
सव्वाचारला तो माझ्या काउंटरशी होता.
हनुवटी काचेला टेकवून, रोजच्यासारखा,
कटिंगच्या पट्ट्या मागायला. त्याचे तो साप करायचा.
दुकानात दाखल्यांची गर्दी, टोनर संपत आलेला.
‘काका, एकच,’ म्हणाला.
‘उद्या ये. पळ.’
चेहरा मी बघितलाच नाही.
शर्ट बघितला, कारण तो काचेत पडला होता:
मोरपंखी.
दुकानाच्या सावलीत हिरवा,
पायरी उतरला तेव्हा उन्हात निळा.

म्हणजे पहाटे, दिवा न लावता, डबा भरताना
आईनं बघितला होता.
आणि अर्धवट झोपेत, दाराच्या उजेडात
बापानंही बघितला होता.

माझ्या पायरीपासून ठाण्याची पायरी तेवीस पावलं.
मी मोजलीत. आठ दिवसांत बऱ्याचदा मोजलीत.
मला कुणी विचारलं नाही, हे खरं.
मी त्यावर टेकून राहिलो, हेही.

नवव्या दिवशी ती एकटी आली.
बोटं बेदाण्याच्या चिकानं काळी,
पिशवीत सुट्टे पैसे.
‘अजून पन्नास द्या. आणि पैसे घ्या ह्या बारीला.’
जुना मजकूर स्क्रीनवर उघडला.
माझं मशीन काळंपांढरंच,
फोटोत शर्टाचा रंग कुणालाच दिसणार नव्हता.
तरी ‘किंवा’ खोडला.
दोन्ही रंग खोडले.
त्या जागी एकच शब्द टाईप केला आणि बटण दाबलं.

पहिला कागद गरम निघाला.
ती बोट फिरवत वाचते, ओळीखालून, सावकाश.
गव्हाळ. सडपातळ. अंगात…
बोट थांबलं.
तिनं वर बघितलं.

मशीन चालूच होतं.
अकरा. बारा. तेरा.