सुतात

तिघऱ्याला पोचलो तेव्हा धुकं अजून
पाण्यावर बसकण मारून होतं.
पलीकडच्या करधईच्या टेकड्या
कुणी खोडरबरानं अर्ध्याच पुसल्यासारख्या.

पूनम केवट, वय बावीस,
माझ्या पोटाचा घेर नजरेनं मोजते,
लाइफ जॅकेटचे पट्टे आवळते.
"काका, डरना मत. उलटेगी तो भी तैरेगी."
नावेबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल,
विचारायचं राहून गेलं.

आधी काठावर, कोरड्यात धडे.
मूठ सैल; आत चिमणी आहे समजा.
पातं बुडवायचं पायाच्या बोटांपाशी,
काढायचं कमरेपाशी,
त्यामागे ओढाल तर नुसतं पाणी उचलाल.
आणि हातानं ओढायचंच नाही.
धड पिळायचं, ओला पंचा पिळतात तसं,
ज्या बाजूला वल्हं त्या बाजूचा पाय रेटायचा.

एजी ऑफिसात चौतीस वर्षं
मी एका उजव्या मनगटावर काढली.
हिरवी शाई, आक्षेप क्रमांक अमुक, खुलासा मागवावा.
पाठ असते ती खुर्चीला टेकायला,
अशीच समजूत.

नाव निघाली
आणि डावीकडे वळली.
सरळ केली. पुन्हा डावीकडे.
देवळात घातल्या नसतील इतक्या प्रदक्षिणा
मी त्या सकाळी स्वतःला घातल्या.
ओंडक्यावर पंख वाळवणारा पाणकावळा
मान वळवून वळवून थकला.
"काका, आपका दायाँ हाथ बहुत बोलता है.
बाएँ को भी मौका दो."

डावा हात.
उजवा लिहीत असताना त्यानं कागद धरला.
घड्याळ बाळगलं. स्कूटरचा क्लच दाबला.
लेक सायकल शिकताना
मागून सीट धरली होती ती मात्र यानंच.
सोडलीही यानंच.

एवढा विचार केला आणि उलटलो.

खाली हिरवं, गार,
कुणाचाच कशावर आक्षेप नाही.

वर आलो तर कुंदा थर्मास घेऊन उभी.
हसली नाही, हे विशेष.
म्हणाली, "मी बघू का?"

ओढणी कमरेला खोचून ती बसली
आणि नाव निघाली ती सुतात.
डावं, उजवं, डावं, उजवं,
दोन्हीकडे सारखेच भोवरे.
पूनमनं शिट्टी तोंडातून काढली.

कुंदा जन्माची डावखुरी.
जिन्सी नाल्याच्या शाळेत बाईंनी
बोटांवर पट्टी मारून
पेन्सिल उजव्या हातात दिली होती.
तेव्हापासून सही उजव्यानं,
विळी, कात्री, राग डाव्यानं.
एकोणचाळीस वर्षं मी बघत होतो.
म्हणजे, समोर होतो.

"दूर देखो आंटी, नोक मत देखो!"
ती तशीही नोकेकडे बघत नव्हती.
टेकड्यांपाशी धुकं जरा फाटलं,
त्यात लाल जॅकेटचा ठिपका शिरला.

मी ओल्या कपड्यांनी पायरीवर बसलो,
थर्मासचं झाकण डाव्या हातानं फिरवायला गेलो.
उलट्या बाजूला फिरवत होतो बहुतेक.