शुक्रवारचा नमुना

म्हापशाला शुक्रवारी मी कापडी पिशवी घेऊन जाते.
तळाशी ओळखपत्र, कोऱ्या डब्या, लाख, मेणबत्ती;
वर तांबड्या भाजीची एक जुडी,
म्हणजे कुणी वळून बघत नाही.
चवरिसांच्या माळा ओलांडून, मयड्याच्या केळ्यांशी
उगाच घासाघीस करून
पोचते दुमिंगच्या निळ्या ताडपत्रीपाशी.

दुमिंग तारवटी. वीस वर्षं बोटीच्या भटारखान्यात.
सुट्टीवर यायचा तो ट्रंकभर साबण घेऊन,
आणि आमच्या वाड्यावरच्या बायका ते साबण
अंगाला लावत नसत, कपाटात कपड्यांमध्ये ठेवत.
बोटीचं म्हणजे खरं.
अजून तसंच मानतात.

आता बोट नाही. माल रात्रीच्या बसने येतो,
कुठून, ते त्यालाही धड ठाऊक नाही.
डबीवर एक गोरी बाई, एक मोती,
इथे कुणालाच न वाचता येणारी लिपी.
कारखान्याला पत्ता नाही. तारखा दोन, दोन्ही वेगळ्या.
शेजारी वजन वाढवायची पावडर:
ती खाऊन पेडण्याकडचा एक मुलगा
महिन्याभरात पौर्णिमेसारखा गोल झाला.
आई खूश होती. डॉक्टर नव्हता.

"कितल्याक?"
"एकशें वीस. दोन घेतल्यार तिसरी फुकट."
चार द्या, म्हटलं.
त्याचा चेहरा उजळला, क्रीम न लावता.
मग मी भाजीखालून ओळखपत्र काढलं.

पंच हवेत दोन.
खाजेवाला अचानक बहिरा झाला,
काकणकाराने काकणांत डोकं घातलं.
एक माझा ड्रायव्हर. दुसरी शेवटी केळेवाली इझाल्दीन,
फ्रॉकला हात पुसून आली
आणि जीभ किंचित बाहेर काढून, सावकाश, सही केली.
लाख वितळेपर्यंत वारा तीनदा मेणबत्ती विझवून गेला.

वर्णन: पांढरी, मऊ, गुलाबाचा वास.
पारा असं लिहायचं नाही. ते प्रयोगशाळेने म्हणायचं.
काचेच्या नळीत होता तोवर तो ताप सांगायचा,
डबीत बसला की काही सांगत नाही.
मोतीवाली डबी माझ्या मावशीनेही आणली होती,
बघायला येणार होते म्हणून.
मी तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला.
पीरियॉडिक टेबल पाठ होतं, लेबल वाचलं नव्हतं.
कानामागचा राखी डाग केसांत झाकतो.

नमुन्याची किंमत द्यावी, असा कायदा आहे.
चारशे ऐंशी मोजले. सवयीने त्याने
फुकटची डबी पुढे केली, मग आठवून मागे घेतली.
आणि हळू आवाजात:
"म्हजी सून लायता ती. तिका कांय जातलें?"

अहवालाला दिवस लागतात.
तोवर मी काही बोलायचं नसतं,
आणि नियम बरोबरच आहे, उद्या अहवाल चांगला आला तर?
मी पावती फाडली. पाठीमागे, रोमी अक्षरांत,
त्याला वाचता यावं म्हणून, लिहिलं:
आज रातीसावन बंद. किडनी तपासून घेयात.
त्याखाली सही केली नाही.

चष्मा घरी राहिला होता. त्याने कागद
इझाल्दीनकडे दिला.
तिने तो वाचला मोठ्याने, केळ्यांचा भाव सांगते तसा,
पार सुक्या बांगड्यांच्या रांगेपर्यंत,
आणि वाचता वाचता तिचा दुसरा हात
फ्रॉकच्या खिशाकडे गेला.