साहेबाचं काम

कोट नको घालू, मुंजाजी.
आपल्या भागात कोटातला माणूस
एकतर नवरदेव असतो, नाहीतर बँडवाला.
पांढरा सफारी घाल, कडक इस्त्रीचा,
खिशाला दोन पेनं:
एक चालणारं, एक कुणी मागितलं तर द्यायचं.

आणि ओरडायचं नाही.
ओरडायला पैलवान आहेत, भोंगा आहे,
पुढं बसून शेंगा फोडणारी पोरं आहेत.
तू माईक ओठाला लावून हळू बोल,
इतकं हळू, की लांबच्या टपावर बसलेल्यानं
शेजाऱ्याला विचारावं, काय म्हणायलाय रे?
राग तिथून सुरू होतो.

बावीस वर्षं केलं मी हे.
चार ट्रॉल्या जोडून त्यावर फळ्या,
फळ्यांवर सरकीची पोती, वर ताडपत्री,
भोवती विहिरीवरचे जुने दोर, तीन पदरी.
सेलू, जिंतूर, सोनपेठ, कंधार.
एकदाही कुणाला हात लावला नाही.
खय्युम दिवसा पंक्चर काढायचा,
रात्री बालाघाटचा वाघ व्हायचा,
आणि वाघ जिंकत आला की मी खुर्चीतून उठायचो,
चष्मा काढून पुसायचो
(पुसायला वेळ लाव, पोरा, लई वेळ लाव),
वही उघडून म्हणायचो:
नियम सतरा.

सतरावा नियम काय, मलाही ठाऊक नव्हतं.
वही किराण्याच्या उधारीची होती.
पण अख्खं मैदान कळवळून उठायचं,
कारण तिथं एक माणूस असा नव्हता
ज्याला कुठल्यातरी खिडकीसमोर
नियम सतरा लागला नव्हता.

ते तुझ्यावर चिडत नसतात, एवढं ध्यानात ठेव.
तलाठ्यावर, सोसायटीच्या सचिवावर,
कुणी सासऱ्यावर.
तू नुसती खुंटी.
टांगू दे त्यांना.

शेवटी मात्र पडायचं.
वाघानं मानगूट धरली की घाबर,
नाटकी नाही, पोटातून घाबर.
भाऊ म्हण, बाबा म्हण, पाय धर,
आणि काळ्या मातीत लोळ त्या सफारीसकट.
पांढरा का सांगितला, कळलं?
ज्याला पडायची लाज वाटते
त्यानं खरीच नोकरी धरावी.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
गंगाखेडला, जिनिंगच्या मैदानावर,
एका म्हातारीनं चप्पल फेकली,
नेमकी कानावर बसली.
त्या रात्रीची सगळ्यात मोठी टाळी तिची.
खेळ उठल्यावर ती तंबूमागं आली,
एक पाय अनवाणी.
मला वाटलं, चप्पल न्यायला आली.
दिली मी.
तिनं ती काखेत धरली, कनवटीची पिशवी सोडली,
पिशवीतून प्लास्टिक, प्लास्टिकातून कागद:
निराधारची दरखास्त,
घड्यांवर फाटून चार तुकडे झालेली.
"साहेब, समदे तुमचंच ऐकायलेत.
एवढी सही करा."

तोंडावर पावडर तशीच होती.
खय्युम शेजारीच पाठ शेकत बसलेला.
मी चष्मा काढला. पुसला.
आणि मुंजाजी, माझं मीच ऐकलं:
"उद्या या."

"बरं," म्हणाली.
चप्पल पायात सरकवली आणि गेली.
खय्युमनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पहाटे चारला आम्ही पालमच्या रस्त्याला होतो.

ती आली असेल.
ट्रॉल्यांची चाकं उमटली होती तिथं,
थोडी सरकी सांडलेली,
ताडपत्रीखालचं गवत दबून पिवळं.
किती वेळ उभी राहिली असेल, कोण जाणे.
त्यांना सवय असते.

सफारी ट्रंकेत आहे, घेऊन जा.
खांद्यावरचा डाग निघत नाही, नाद सोड.
चष्म्याला नंबर नाही, साधी काच आहे.
फडकं आतल्या खिशात.