शेवटचा अंक

अजनी यार्डात कोराडीचा कोळसा थांबला होता.
मे महिना, रात्रीचे दोन, रूळ अजून कढत.
निखारेबाबू टॉर्च घेऊन वाघिणींच्या कडेनं पुढे,
मी मागे, रजिस्टर धरून. नवा होतो.
ते वाचायचे, मी लिहायचो:
दहा, शून्य तीन, शून्य चार, तेवीस दहा, तीन.

तिथं ते थांबले.
टॉर्च शेवटच्या अंकावर. ओठ हलले.
"लिही. पण लाल पेनानं."

सकाळी तर्री-पोहे खाताना
त्यांनी ती कागदावर सलग मांडली: १००३०४२३१०३.
दहा अब्ज, तीन कोटी, चार लाख, तेवीस हजार, एकशे तीन.
"बेरीज सतरा, म्हंजे तीननं जात नाही.
सातनं बाकी एक. पोट्टी चिवट हाय."

मग नऊ वर्षं.
दिवसाला तीन भागाकार, पार्सलच्या पावत्यांच्या पाठीवर.
तेरानं बाकी बारा.
एकशे सातनं बाकी एकशे सहा.
दोन्हीकडे एकच कमी पडत होता,
आणि आम्हां दोघांनाही ते दिसलं नाही.
मधे काकूंचा मोतीबिंदू,
निवृत्तीचा नारळ,
वर्धा रोडवर मेट्रोचे खड्डे.

नऊ हजार सहाशे एक मूळ संख्या रिकाम्या हातानं परतल्या.
त्यापुढची, एक लाख एकशे एक्कावन्न:
बाकी शून्य.
वर उरली एक लाख एकशे त्रेपन्न, तीही मूळ.
जोडमूळ शेजारणी,
स्वतःखेरीज आणि एकाखेरीज कुणाला दार न उघडणाऱ्या.
आणि मधल्या घरात एक लाख एकशे बावन्न,
दोनला, तीनला, तेराला, एकशे सातला,
येईल त्याला वाटा देणारा.

दहावीतली पुतणी हर्षदा पेन्सिल चावत म्हणाली,
"काका, हिच्यात एक मिळवा ना.
त्या मधल्याचा वर्ग होते. दोन मिनिटांचं काम होतं."
निखारेबाबू खोकला येईपर्यंत हसले.
"मंग नऊ वर्सं मी काय केलं असतं, सांग?"

आता यार्डात नंबर मशीन वाचतं.
परवा एका नव्या पोराला मी पडताळा शिकवत होतो,
हाताला सवयीनं तीच संख्या आली.
सम जागांचे दहा, तिप्पट तीस. विषम जागांचे चार.
चौतीस.
चाळीस भरायला शेवटी सहा हवा.
तीन नव्हे.

कुठल्यातरी रंगाऱ्याचा हात चुकलेला.
सहा असता तर संख्या सम,
पोहे संपायच्या आत दोननं फोडली असती.
लाल पेनाची नोंद वर गेली, वाघिणीचा नंबर दुरुस्त झाला,
ती कोळसा ओतून निघूनही गेली.
नऊ वर्षं ते जिला भागत बसले
ती रुळांवर कुठं नव्हतीच.

विचारायला गेलो.
कूलरच्या ताटीवर पाणी मारत होते.
वळलेसुद्धा नाहीत.
"म्हणूनच तं," म्हणाले,
"बाकीच्या साऱ्या रेल्वेच्या होत्या."