शेजारणीसाठी सात पुड्या

लानचौमध्ये नदी पिवळी वाहते,
दुकानात माझ्या बोटांनाही तोच रंग चढतो.
भिंतभर खण, पितळी तराजू.
करडईची फुलं सहा ग्रॅम,
पीचच्या बिया, सोललेल्या,
व्हिनेगरमध्ये परतलेला नागरमोथा,
आणि दांगक्वेई,
जिच्या नावाचाच अर्थ: परत यायला हवं.
तिचा वास माझ्याबरोबर उशीपर्यंत येतो.

बायका चिठ्ठी पालथी घालून सरकवतात.
"पोट," एवढंच म्हणतात.
मी उलगडते, वाचते, मान हलवते.
महिन्याचे ते दोन दिवस
मीही गल्ल्याला कंबर टेकून
खणांची नावं मनात म्हणत असते,
वरून खाली, मग खालून वर,
कळ ओसरेपर्यंत.

इस्पितळातल्या मुलीनं पडद्यावर बोट ठेवलं:
गर्भाशयाचं अस्तर भलतीकडेच रुजलंय.
उजवीकडे ही गाठ, आत जुनं रक्त,
दाट, तपकिरी. आम्ही हिला चॉकलेट म्हणतो.
मला हसू आलं.
आजवर कुणी मला चॉकलेट दिलं
ते हे असं.

म्याओ वैद्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली,
जीभ पाहिली, बराच वेळ गप्प.
"थंडी साठलीय. रक्त वाट विसरलंय.
तीन महिने काढा घे.
आणि ते चित्र काढत राहा दर सहा महिन्यांनी,
माझ्या बोटांना सगळं दिसत नाही."

काढा कडू. म्हणजे कडूच.
दुखणं गेलं नाही,
दारातून आत न येता
उंबऱ्यावर बसायला शिकलंय थोडं.

परवा मिनश्यानहून आईचा फोन.
डोंगरावर खणती सुरू आहे, ऑक्टोबर,
नखांत माती, आवाजात वारा.
"शेजारच्या फेंगच्याओसाठी सात पुड्या पाठव.
तिला दुखतं."
"कुठे?"
"दुखतं तिथे."
"कधीपासून?"
वारा थोडा वेळ एकटाच बोलला.
"तू झालीस त्याच्याही आधीपासून."

फेंगच्याओ मावशी तीन वर्षांपूर्वीच
मुलाकडे उरुमचीला गेली.
घराला कुलूप आहे, मला ठाऊक आहे.
आईलाही ठाऊक आहे मला ठाऊक असल्याचं.

पंचवीस वर्षं ती ही मुळं उपटते,
जुड्या बांधते, किलोवर विकते.
सोनाराच्या दारी राबून
कानात मात्र काडी.
माझी फी, माझे बूट, माझी ही नोकरी
सगळं त्या मुळांतून आलेलं,
आणि ती दात आवळून वाफ्यात वाकलेली,
मला वाटायचं, कामामुळे.

"नाडी बघायला घेऊन ये तिला," मी म्हटलं.
"बघू. तिला सवड नसते."
"मी बसचं तिकीट काढते. तिचं."
आईनं नाही म्हटलं नाही.

तोवर मी सात कागद मांडले.
पुडीवर लिहिलं: फेंगच्याओ.
खाली: मातीचं भांडं घ्या, लोखंडाचं नको.
अर्धा तास भिजू द्या. गरम प्या.
प्यायल्यावर वाकू नका.

पाचव्या पुडीत दांगक्वेई
ग्रॅमभर जास्त पडली.
तराजूचा काटा हलत होता.
काढली नाही.