त्रेसष्ट

समितीला आकडा हवा होता, मी काढून दिला:
त्रेसष्ट.
चव्वेचाळीस वर्षांच्या कामाला त्रेसष्ट ठिकाणी
कुणीतरी तळटीपेतून हात लावलेला.
पॉलिमरवाले दाभाडे सर हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.
त्यांचे स्वतःचे चार हजार आहेत,
आणि खरे आहेत.

प्रश्न एवढाच, की ऐरोलीच्या नव्या प्रयोगशाळेला
यमुना वैतींचं नाव द्यायचं का.
"नाव तेवढं मोठं आहे?" अध्यक्षांनी विचारलं
आणि माझ्याकडे पाहिलं, कारण मी ग्रंथपाल.

ते त्रेसष्ट मी रात्री घरी नेले.
नऊ बाईंचे स्वतःचेच.
सतरा नॉर्वेतल्या एकाच माणसाचे,
दर वेळी तेच पान चौदा, तीच आकृती:
खाडीच्या चिखलातल्या किड्याचा जबडा, दातांसकट.
एकाने बाईंना 'तो' म्हटलंय.
एकाने त्यांची चूक काढलीय
आणि दोन वर्षांनी, दुसरीकडे, बारीक अक्षरात, मागे घेतलीय.
मग हे किडे ओळखणारे जगात किती, तेही मोजले.
अकरा. त्यातले दोन आता नाहीत.
अकरा घरांच्या वाडीत त्रेसष्ट वेळा हाक आली
तर त्याला काय म्हणायचं?
दाभाडे सर राहतात ते शहर आहे.

पहाटे दोनला ते दिसलं, जे यंत्र मोजत नाही.
खाडीवरच्या पुलांचे अहवाल, पाइपलाइनचे, मिठागरांचे,
शेवटच्या परिशिष्टात किड्यांची यादी,
आणि सात नावांच्या शेपटाला, दर वेळी, स्वल्पविरामासकट:
वैती, १९८३.
संदर्भ म्हणून नव्हे. नावातच.
आपल्यामागे बापाचं लागतं तसं
त्या सात जणांमागे बाईंचं लागलंय.
ज्यांनी छापलं त्यांना ती कोण, हे ठाऊकही नसेल.

बाई चेंदणी कोळीवाड्यातल्या.
विटाव्याच्या अंगाला एकदा मांडीपर्यंत रुतल्या,
हातात घमेलं, पिठाची चाळण.
चुलतभावाने होडीतून ओरडून विचारलं,
"कं गो यमुने, काय गावला?"
"दात," म्हणाल्या.
हे त्यांनीच सांगितलं होतं मला,
उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड भरताना,
सुटे पैसे मोजत.

बैठकीत मला तीन मिनिटं मिळाली.
अध्यक्षांनी ऐकून घेतलं, मग फॉर्म उलटा करून पाहिला:
"हे शेपटाचं कुठल्या रकान्यात बसवू?"
कुठल्याच नाही.
तूर्त दारावर 'प्रयोगशाळा क्र. ४' लागलंय.
विषय पुढल्या सभेत परत येईल, किंवा येणार नाही.

फॉर्मवर मात्र त्रेसष्टच राहिले.
नऊ वजा करायचे
मी विसरलो, असं समजा.